खुर्चीतून न उठणाऱ्यांची परीक्षा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. आयटी सपोर्टचं ते पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट करावं का? त्याला जेवढे पैसे पडतात, तेवढ्या लायकीचं ते आहे का?

फोन केला असता, पण घरी आल्यावर तू फोनला हात लावत नाहीस. "दिवसभर हॉस्पिटलात हॅलो हॅलो करून कान किटतात, काही सांगायचं असेल तर लिहा," असं तूच आईला सुनावलं होतंस. म्हणून लिहितेय. आता उत्तरही लिही.

पदवी मिळून सात महिने झाले. आपल्या घरातली पहिली, म्हणून बाबांनी ती काचेत बसवून शिलाई मशीनच्या वर टांगली आहे. गणवेशाची मापं द्यायला आलेलं प्रत्येक माणूस ती वाचतं आणि विचारतं, "मग आता काय करते मुलगी?" त्यावर बाबा टाचणी ओठांत धरतात. टाचणी तोंडात असली की बोलावं लागत नाही.

मी कुठेच अर्ज केले नाहीत असं नाही. एका जाहिरातीत लिहिलं होतं, "नवशिक्यांसाठी जागा. अनुभव किमान दोन वर्षं." मी तिथे विचारायला गेले की नवशिक्याने दोन वर्षं कुठे घालवून यावीत. समोरच्या बाई म्हणाल्या, "अनुभव नसेल तर निदान सर्टिफिकेट आणा."

खरं सांगू, मला ते आवडलं. नोकऱ्या ओळखीने लागतात आणि आपल्या घरात ओळख कोणाचीच नाही. परीक्षा तरी तू कोणाची कोण, हे विचारत नाही. प्रश्न सगळ्यांना सारखे आणि गुण सगळ्यांना सारखे. जगात एवढी एक सरळ गोष्ट असेल तर तिला मान द्यायला हवा.

पण क्लास आणि परीक्षा मिळून बाबांच्या नव्या मशीनचे पैसे जातील. बाबा म्हणतात, "जुनं मशीन कुरकुरतं, पण चालतं. तू मुकाट्याने बसून आहेस ते बघवत नाही." पैसे एकदाच आहेत, मामा. दुसऱ्यांदा नाहीत. बावीस वर्षं तू हेच काम करतोयस, म्हणून तुला विचारते.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. पदवीधरबाईंस,

नाही. झालं उत्तर. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

बावीस वर्षांत या हॉस्पिटलातल्या एकाही संगणकाने मला सर्टिफिकेट विचारलेलं नाही. प्रिंटर तर फारच सभ्य. ते आधी नुसते अडकतात आणि मग गुपचूप माझी वाट बघतात.

अगं, ती परीक्षा म्हणजे पोहण्याचं लेखी. पाण्याचा रंग कोणता, पाणी कोणत्या दिशेने वाहतं, बुडताना हात कोणता वर करावा. शंभर टक्के मिळवलेला माणूस डबक्यात टाकून बघ. गेल्या वर्षी आमच्याकडे असाच एक सर्टिफिकेटवाला आला. एक्स-रे विभागातला संगणक तापून बंद पडत होता. पठ्ठ्याने दोन तास काहीतरी टंकलं, दोनदा सगळं नव्याने भरलं. मी मागचं झाकण काढून मूठभर धूळ त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, हे घ्या, हे तुमच्या पुस्तकात नसेल.

भाऊजींना म्हणावं मशीन घ्या. निदान त्यातून चड्ड्या तरी निघतील. त्या कागदातून काय निघणार?

पत्राला उशीर झाला, कारण दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. दुसऱ्यांदा. दात काही ऐकत नाही.

तुझा मामा

ता. क. उगाच विचारतो. ते पोर्टचे आकडे, म्हणजे ईमेलला कोणता नंबर आणि वेबसाइटला कोणता, ते अजून पाठ करून घेतात का? सगळे विचारतात की ठरावीकच? कळलं तर लिहून पाठव. जरा हसेन म्हणतो.

१ मार्च

प्रिय मामा,

रागावू नकोस, मी पैसे भरले. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि वाटलं, ज्याला नोकरी आहे त्याला कागदाला हसणं परवडतं. हे बोचलं असेल तर माफ कर, पण खोडत नाही.

आता माझी फजिती ऐक. आमचे सर टाय लावतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" म्हणतात. संगणकाचा एकच डबा आहे वर्गात, तोही काचेच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. मी विचारलं, "सर, उघडून आत बघू का?" सर दचकले. "मॅडम, वॉरंटी जाईल! आपण स्लाइडवर बघतोय ना, राइट?" दोन आठवडे झाले, मी मेमरीची पट्टी फोटोतून काढते आणि फोटोतच बसवते. माझ्या शेजारी एक काका बसतात, त्यांच्या गोदामातून त्यांना पाठवलंय. ते म्हणाले, "पोरी, बायको जेवण पण असंच स्लाइडवर वाढायला लागली तर?"

कोणीतरी विचारलं, "सर, नोकरी नक्की लागेल ना?" सर म्हणाले, "दारं उघडतील." कोणाची दारं, हे सांगितलं नाही. क्लासचं मात्र उघडं होतं, आणि आत येताना पैसे भरावे लागले होते.

परीक्षेचा कोड हातात पडलाय. बारा अक्षरांचा कागद आहे, लॉटरीच्या तिकिटासारखा. मे अखेरीपर्यंत चालतो. त्यात नाव भरेपर्यंत तो कोणाचाच नसतो, आणि एकदा भरलं की बदलत नाही. पैसेही परत मिळत नाहीत. मी अजून नाव भरलेलं नाही. आधी अभ्यास पुरा होऊ दे म्हटलं.

आणखी एक. बाबा ज्या शाळेचे गणवेश शिवतात, तिथे चौदा संगणक आहेत आणि नऊ बंद. मुख्याध्यापिका बाबांना म्हणाल्या, "तुमची मुलगी शिकतेय ना ते? बघते का?" मी हो म्हणून बसलेय. पाच संगणक चालू केले की नुसती शिट्टी वाजवतात, तीनदा, आणि पडदा काळाच. पुस्तकात त्याबद्दल लिहिलंय, "निर्मात्याच्या माहितीपत्रकाचा आधार घ्यावा." माहितीपत्रक उंदरांनी खाल्लं. काय करू?

आकड्यांची यादी सोबत आहे. हस पोटभर.

तुझी भाची

९ मार्च

चि. पदवीधरबाईंस,

भरलेस पैसे! छान. सोन्याच्या सुरीने पोट फाडून घ्यायची हौस, दुसरं काय.

शिट्टी वाजते म्हणजे मेमरीची पट्टी रुसलीय. वायर काढ, मग झाकण उघड. आधी हात डब्याच्या पत्र्याला लाव, अंगातली वीज निघून जाते. पट्टीच्या दोन टोकांचे खटके दाब, ती उडी मारून वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी रेघोट्या दिसतील. शाळेतच आहेस, एक पांढरं खोडरबर माग आणि त्या रेघोट्या हलक्या हाताने पूस. चुरा फुंकू नकोस, थुंकी उडते. ब्रशने झाड. परत बसव, दोन्हीकडून 'कट्' असा आवाज येईपर्यंत. पाचातले चार नक्की उठतील. पाचवा उठला तर मला पेढे नकोत, नुसतं कळव.

हे तुझ्या टायवाल्याला सांगू नकोस. खोडरबराचंही सर्टिफिकेट काढेल.

यादी मिळाली. हसलो.

आता हसण्यासाठीच आणखी एक. त्या लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या, कागद आत जाऊन छापून बाहेर येईपर्यंतच्या, त्यांचा क्रम लक्षात ठेवायला सर काही युक्ती सांगतात का? मला प्रिंटरचा नुसता आवाज ऐकून कळतं काय बिघडलंय ते, पण म्हणे पायऱ्यांना नावं आहेत. आणि ऐक, परीक्षेला जाताना चांगलं घड्याळ घालू नकोस. हॉलच्या दारात काढून घेतात आणि डब्यात टाकतात, काच चरते.

तुझा मामा

२ एप्रिल

प्रिय मामा,

पाचही उठले! पाचव्याला दोनदा पुसावं लागलं. मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं मी संगणकावरचं अक्षर चुकलं म्हणून खोडतेय. उरलेल्या चारांपैकी दोन, एकाचे अवयव दुसऱ्याला घालून जगवले. आता बारा चालू आहेत. चौथीच्या मुली मला 'रबरवाल्या बाई' म्हणतात. पदवीपेक्षा हे बरं वाटतंय, बाबांना सांगू नकोस.

आता दुसरी गोष्ट. सरांनी आम्हाला एका कंपनीत नेलं, "तुमचं भविष्य बघायला." भविष्य बघितलं, मामा. एक लांब खोली, ऐंशी खुर्च्या, ऐंशी माणसं, कानाला हेडफोन. प्रत्येकाच्या मागे त्याचं सर्टिफिकेट टाचणीने लावलेलं. प्रत्येकासमोर एक प्लास्टिकचं कार्ड, त्यावर फोन करणाऱ्याला क्रमाने विचारायचे प्रश्न. माझ्याएवढ्या एका मुलीजवळ मी उभी होते. फोनवरचा माणूस ओरडत होता, इतका की मला ऐकू येत होतं, "अहो, पडदा काळा आहे!" तिने कार्डावरचा पुढचा प्रश्न वाचला, "पडद्यावर कोणता संदेश दिसतोय, सर?"

मी हसले. तिलाही हसू आलं, पण तिचं हसणं रेकॉर्ड होत होतं.

ती मान वाकडी करून शेजारणीच्या पडद्यावर बघत काम करत होती, कारण तिचा स्वतःचा पडदा दोन दिवस बंद होता. मी वाकून बघितलं. वायर निघून तिच्या गुडघ्यापाशी लोंबत होती! मी म्हटलं, "खोचू का?" तिने माझा हात धरला. "नको नको! मी तक्रार टाकलीय, दुसऱ्या शहरात जाते ती. तिथून माणूस येईल. आपण हात लावला तर माझे गुण कापतात. खुर्चीतून उठलं तरी लगेच वेळ मोजायला लागतात." ऐंशी दुरुस्तीवाले, सगळे सर्टिफिकेटवाले, आणि एका वायरीला वाली नाही.

साहेबांनी मला विचारलं, "सर्टिफिकेट कधी मिळतंय?" मी शाळेतले बारा संगणक सांगितले. ते प्रेमाने म्हणाले, "ते ठीक आहे. ते विसरायला आम्ही ट्रेनिंग देतो."

मी इतके दिवस परीक्षेला सरळ समजत होते. परीक्षा सरळच आहे, फुटपट्टीसारखी. पण फुटपट्टीने दूध मोजायला बसलेत हे लोक.

आता तुझ्याकडे वळते. आज सकाळी पुस्तकात प्रिंटरचा धडा आला. पायऱ्या मोजल्या. सात. मामा, सात आहेत हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. मग तुझी सगळी पत्रं काढून वाचली. हॉलच्या दारात घड्याळ काढून घेतात आणि डब्यात टाकतात, त्याने काच चरते. हे कोणत्या प्रिंटरने सांगितलं तुला? आणि मामीने परवा आईला फोनवर सांगितलं की तुझे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत आहेत.

खरं काय ते लिही.

तुझी भाची

८ एप्रिल

चि. भाचीस,

तू तुझा अभ्यास कर. मोठ्यांची पत्रं पुराव्यासारखी तपासायला पदवी घेतलीस का?

मामा

२७ एप्रिल

चि. भाचीस,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. मामी विचारते, इतका कागद कशाला लागतो, प्रेमपत्रं लिहितोस काय. म्हटलं या वयात कागद फुकट घालवायला दुसरं कारण असतं.

डिसेंबरात हॉस्पिटलातलं संगणकाचं काम एका नव्या ठेकेदार कंपनीला दिलं. आम्ही चौघं जुने. कंपनीच्या बाई आल्या, गोड बोलल्या. म्हणाल्या, "तुमचा अनुभव आमची दौलत आहे." आणि पुढच्या वाक्यात, मे महिना संपायच्या आत ज्याच्याकडे हे सर्टिफिकेट नसेल तो दुरुस्तीला हात लावणार नाही. त्याने नवी खोकी वर न्यायची आणि जुनी खाली आणायची. तिघांनी काढलं. माझ्या हाताखाली शिकलेले तिघं. मी दोनदा बसलो. दोनदा नापास. पहिल्यांदा थोडक्यात, दुसऱ्यांदा त्याहून थोडक्यात, म्हणजे प्रगती आहे. मामीला दोन्ही वेळा दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं. तिसरा दात माझ्याकडे नाही, आणि तिसऱ्यांदा भरायला पैसे काढले तर मामीला कळेल.

तू लिहिलं होतंस, ज्याला नोकरी आहे त्याला कागदाला हसणं परवडतं. ते पत्र मी खाली तळघरात, प्रिंटरांच्या खोलीत बसून वाचलं. हसलो नाही.

तुला करू नकोस म्हटलं, ते खरंच मनापासून म्हटलं. पण त्यात निम्मी जळजळ होती, हेही कबूल. वाटलं, ही पोरगी पहिल्या फटक्यात पास होईल आणि मग मी कोणत्या तोंडाने शहाणपणा शिकवू?

एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. वॉर्डातला संगणक बंद पडला आहे, तुम्ही सर्वप्रथम काय कराल? चार उत्तरं होती. वायर तपासाल, वापरणाऱ्याला प्रश्न विचाराल, नवीन संगणक द्याल, वरिष्ठांना कळवाल. मी वायरीवर टिचकी मारली. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा चूक. अगं, नर्सला काय विचारू? नर्स म्हणणार, "बंद पडलाय." बंद पडला म्हणूनच तर मी आलो! बावीस वर्षं मी आधी गेलो, वाकलो, बघितलं. दहातल्या सहा वेळा वायर. असे दहा-बारा प्रश्न होते. प्रत्येक ठिकाणी मी जे रोज करतो ते निवडलं, आणि प्रत्येक ठिकाणी ते चूक.

खरं सांगू, आता मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेनासा झालाय. काल एका डॉक्टरांकडे गेलो आणि वायर बघायच्या आधी उभाच राहिलो. काय विचारावं ते सुचेना.

मे संपला की खोकी. ताईला सांगू नकोस.

मामा

९ मे

प्रिय मामा,

तुझ्या हातांत काही बिघाड नाही. ती परीक्षा तुझ्याबद्दल नाहीच. मी ती खोली बघून आलेय, म्हणून ठामपणे सांगते. ती परीक्षा अशा माणसाबद्दल आहे ज्याला खुर्चीतून उठायची परवानगी नाही. तो जाऊ शकत नाही, वाकू शकत नाही, बघू शकत नाही. मग बिचारा काय करणार? विचारणार. म्हणून पहिली पायरी 'विचारा.' ही पायरी शहाणपणाने काढलेली नाही, बांधून ठेवल्यावर उरलेली आहे.

तेव्हा हॉलमध्ये गेलास की आधी स्वतःला खुर्चीला बांध. खरंच. मनात दोरी घे, कमरेभोवती तीन वेढे मार. प्रत्येक प्रश्नाला स्वतःला सांग, मला उठता येत नाही, फक्त तोंड आणि कार्ड आहे. मग चारांपैकी सगळ्यात नेभळट उत्तर निवड. तुझा तो वायरीचा प्रश्न आणि पुस्तकातले तसेच नऊ, असे दहा प्रश्न मी या दोरीने सोडवून बघितले. दहाही बरोबर. बाहेर आल्यावर दोरी सोड आणि वॉर्डात जाऊन आधी वायर बघ.

प्रिंटरच्या सात पायऱ्या सोबतच्या कागदावर आहेत. नावं पाठ करू नकोस. प्रत्येक पायरीपुढे मी प्रिंटर तेव्हा कसा आवाज करतो ते लिहिलंय. शाळेतल्या प्रिंटरला कान लावून बसले होते. चौथीच्या मुलींना वाटलं त्याला ताप आहे. आवाज चुकले असतील तर तू दुरुस्त कर, नावं मात्र माझीच ठेव.

आईला मी सांगितलं. रागाव हवं तर. तुझी जन्मतारीख विचारायला गेले, तर म्हणाली, "आता या वयात त्याचा वाढदिवस करतेस होय?" मग रडली, मग तुला दोन शिव्या दिल्या, मग तारीख सांगितली. बाबांना विचारल्याशिवाय मी काही केलं नसतं, कारण मशीन त्यांचं होतं. ते खडूने कापडावर रेघ मारत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लग्नात तुझ्या मामाचा कोट मी शिवला होता. एक बाही आखूड झाली. तो दिवसभर हात वाकवून उभा राहिला, पण कोणाला कळू दिलं नाही. दे त्याला." आणि टाचणी तोंडात धरली.

मी काही त्याग वगैरे करत नाहीये, तसं समजून डोळे पुसायला घेऊ नकोस. त्या ऐंशी खुर्च्यांत एक्याऐंशीवी मला नकोच होती. शाळेने अर्ध्या दिवसाचं काम दिलंय, सोमवारपासून. पगार लहान आहे, पण उठता येतं. शिवाय तुझी चार पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांतून मी क्लासपेक्षा जास्त शिकले, आणि तू 'राइट?' म्हणत नाहीस.

ते पैसे घालण्याच्या लायकीचं आहे का, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर अजून येत नाही. खोडरबराच्या किमतीचंही ते नाही, असं मी काल शपथेवर सांगितलं असतं. आणि काल दुपारीच ते मिळवण्यासाठी रांगेत उभी होते. कागद तसाच भिकार आहे, मामा. फक्त तो तुझ्या आणि खोक्यांच्या मध्ये उभा आहे.

कोडवर नाव भरलं. तुझं. पूर्ण नाव, आईने सांगितलेल्या जन्मतारखेसकट. आता ते बदलत नाही, मी दोनदा विचारून घेतलं. परीक्षा २६ मे, सकाळी दहा, तुझ्याच शहरातलं केंद्र. मामीला खरं सांगून जा.

घड्याळ घरी ठेव.

तुझी भाची